मेल सर्व्हरवर नियमांचा क्रम कसा लावायचा: पोस्टफिक्स, आरस्पॅमडी आणि सीव्ह

एकेक नियम वेगळा तपासला तर बरोबर निघतो, आणि तरीही पत्र भलत्या फोल्डरात जाऊन बसतं. अशा वेळी दोष बहुतेकदा नियमाच्या जागेत असतो. वरच्या नियमाने निकाल लावला की खालच्याला पत्र दिसतच नाही. कधी उलटंही होतं: वरच्याने काम संपवलं असं आपण धरून चालतो, खालचा नियमही त्याच पत्रावर हात चालवतो आणि एकाच पत्राच्या दोन प्रती दोन फोल्डरांत पडतात.

उदाहरणासाठी इंदूरमधली एक काल्पनिक मराठी संस्था घेऊ. कार्यालय रामबागेत, एक सभागृह भाड्याने देतात, वाचनालय आहे, वसतिगृह आहे. पंधरा-वीस खाती, भाड्याचा क्लाउड सर्व्हर, त्यावर डेबियन लिनक्स, पत्रं घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, स्पॅम ओळखणारा आरस्पॅमडी आणि पत्रं खात्यांत ठेवणारा डव्हकॉट. पत्रांच्या वाटणीचे नियम डव्हकॉट सीव्ह या भाषेत घेतो. येणारी पत्रं तीन भाषांतली: पुण्या-मुंबईकडची मराठीत, नगर निगम आणि वीज कंपनीची हिंदीत, बँक आणि जीएसटीची इंग्रजीत. ही भाषांची सरमिसळ पुढे एका ठिकाणी चांगलीच नडते, म्हणून आधीच सांगून ठेवली.

खाली आज्ञा, फाइलींची नावं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. सर्व्हरवर ते रोमन लिपीतच टाइप करायचे. अंडरस्कोर, कोलन आणि अर्धविराम जिथे दिसतात तिथे तसेच ठेवायचे.

पत्राचा रस्ता आधी कागदावर काढा

नियम एका यादीत नसतात. पत्र सर्व्हरच्या दारापासून खातेदाराच्या फोल्डरापर्यंत येईतो पाच-सहा ठिकाणी तपासलं जातं, आणि प्रत्येक ठिकाणी सर्व्हरला वेगळी माहिती हाताशी असते.

पहिला टप्पा एसएमटीपी संभाषणाचा, म्हणजे पत्र देता-घेताना दोन मेल सर्व्हर जे बोलतात त्याचा. इथे फक्त समोरचा आयपी पत्ता, हेलोमधलं नाव (समोरचा सर्व्हर सुरुवातीला स्वतःचं सांगतो ते), पाकिटावरचा प्रेषक आणि पाकिटावरचा प्राप्तकर्ता माहीत असतो. विषय आणि मजकूर अजून आलेलाच नसतो. दुसरा टप्पा मजकूर आल्यावरचा: मिल्टर, म्हणजे पोस्टफिक्सला जोडलेला तपासनीस प्रोग्राम, आपल्याकडे आरस्पॅमडी; आणि पोस्टफिक्सचे स्वतःचे हेडर चेक्स, म्हणजे पत्राच्या शीर्षओळींवरचे नियम. त्यानंतर क्लीनअप प्रक्रियेत एलियस (खऱ्या खात्यांकडे नेणारे सामाईक पत्ते) उलगडले जातात. ‘देणगी’ या पत्त्यावरचं एक पत्र खजिनदार, सचिव आणि लिपिक अशा तिघांना जातं ते इथे. मग रांग, मग एलएमटीपी या पोचवणीच्या प्रोटोकॉलने डव्हकॉटकडे रवानगी आणि शेवटी सीव्ह. एलियस आधीच उलगडलेला असल्यामुळे सीव्हचे नियम त्या तिघांसाठी तीनदा, स्वतंत्रपणे चालतात.

यावरून एक गोष्ट लगेच ठरते. पत्र नाकारायचं असेल तर ते पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात नाकारा. तोवर पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरकडेच असते. एकदा रांगेत घेतलं की नकार म्हणजे नवं परतपत्र, आणि स्पॅमचा प्रेषक बनावट असतो, त्यामुळे ते परतपत्र कुणा तिऱ्हाइताच्या माथी जातं. सीव्हमधली ‘रिजेक्ट’ क्रिया म्हणूनच वापरू नये. सोय आहे, पण तुमच्या सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत जाण्याचा तो सरळ मार्ग आहे.

हात लावण्याआधी

‘पोस्टकॉन्फ -एन’ चालवून आजची स्थिती एका फाइलीत ठेवा. त्याच्या जोडीला ‘पोस्टकॉन्फ -कॅपिटल पी’ हवंच, कारण मास्टर.सीएफमध्ये (सेवांच्या फाइलीत) एखाद्या सेवेखाली ‘-ओ’ लावून दिलेली किंमत मेन.सीएफमधल्या (मुख्य सेटिंगच्या फाइलीतल्या) किमतीवर मात करते. ५८७ आणि ४६५ या पोर्टांसाठी बहुतेक ठिकाणी असं केलेलं असतं. मेन.सीएफ बदलून, रीलोड करूनही काही फरक पडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. दुसरं कारण म्हणजे एकच पॅरामीटर मेन.सीएफमध्ये दोनदा लिहिलेला असणं. पोस्टफिक्स शेवटचा मानतो आणि आधीचा डावलल्याचा इशारा देतो, पण तो इशारा वाचला जात नाही.

डव्हकॉटसाठी ‘डव्हकॉन्फ -एन’. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या दोन्हींच्या /इटीसीखालच्या फोल्डरांची प्रत काढा, किंवा इटीसीकीपर बसवा म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहील.

बदलाच्या काळात मेन.सीएफमध्ये ‘सॉफ्ट_बाउन्स = येस’ ठेवता येतं. मग कायमचा नकार तात्पुरत्या नकारात बदलतो, ५ ने सुरू होणारा कोड ४ ने सुरू होतो, आणि चुकून अडलेलं पत्र समोरचा सर्व्हर पुन्हा पाठवतो. काम झाल्यावर ही ओळ काढायला मात्र विसरू नका. तशीच राहिली तर स्पॅम पाठवणारेही पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतात, आणि पत्ता चुकलेल्या भल्या माणसाला आपली चूक कळायला चार-पाच दिवस लागतात.

पायरी १: रिले आधी बंद

रिले म्हणजे आपल्या सर्व्हरमार्फत बाहेरच्या पत्त्यावर पत्र पाठवणं. पोस्टफिक्स २.१० पासून रिलेची यादी वेगळी झाली:

एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स =
परमिट_मायनेटवर्क्स,
परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड,
रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन

मूळ मांडणीत तिसरी ओळ ‘डिफर_अनऑथ_डेस्टिनेशन’ असते. सगळं नीट चालतंय याची खात्री झाली की ‘रिजेक्ट’ करा.

या यादीत चौथी गोष्ट घालू नका. ओळखीच्या पत्त्यांना सूट, काळ्या याद्या, कोटा, सगळं पुढच्या यादीत. जुन्या पद्धतीत हे सारं एकाच यादीत असायचं, आणि सूट देणारी ओळ ‘रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन’च्या वर गेली की सर्व्हर जगभरासाठी उघडा रिले व्हायचा. वेगळी यादी करण्यामागे हेच कारण होतं. एक बारकावा: पुस्तिकेत रिलेची यादी आधी तपासली जाते असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ती प्राप्तकर्त्याच्या यादीनंतर तपासली जात असे. ३.६ मध्ये ‘एसएमटीपीडी_रिले_बिफोर_रिसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स’ हा पॅरामीटर आला आणि क्रम हातात आला. सुरक्षेला फरक पडत नाही, कारण दोन्ही याद्या पार व्हाव्याच लागतात. लॉगमध्ये नकाराचं कारण मात्र वेगळं दिसू शकतं.

‘मायनेटवर्क्स’मध्ये काय आहे ते डोळ्यांनी बघा. ‘मायनेटवर्क्स_स्टाइल’ जर ‘सबनेट’ असेल तर भाड्याच्या सर्व्हरवर त्याच सबनेटमधले अनोळखी शेजारीही तुमच्या नावाने पत्रं पाठवू शकतात. ‘होस्ट’ ठेवा. कार्यालयाचा सगळा वायफाय यात घालण्याचा मोहही टाळा; सभागृहात लग्नाला आलेले पाहुणे त्याच वायफायवर असतात.

पायरी २: प्राप्तकर्त्याची यादी, आणि खरा क्रम

पोस्टफिक्समध्ये क्लायंट, हेलो, सेंडर, रिसिपियंट अशा वेगवेगळ्या याद्या आहेत. प्रत्येकीत नियम वरून खाली वाचले जातात आणि प्रत्येक नियम तीनपैकी एक उत्तर देतो. ‘रिजेक्ट’ म्हणजे सगळंच संपलं. ‘डन्नो’ म्हणजे माझं काही म्हणणं नाही, पुढे चला. ‘ओके’चा अर्थ मात्र हमखास चुकीचा घेतला जातो. ‘ओके’ म्हणजे या यादीतलं खालचं काही तपासू नका, एवढंच. पुढची यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. क्लायंटच्या यादीत एखाद्या सर्व्हरला ‘ओके’ दिलं म्हणून रिसिपियंटच्या यादीतली काळी यादी त्याला सोडत नाही.

यावर उपाय सोपा आहे: सगळं रिसिपियंटच्या एकाच यादीत आणा. ‘एसएमटीपीडी_डिले_रिजेक्ट’ मुळातच ‘येस’ असतं, त्यामुळे सगळ्या तपासण्या प्राप्तकर्ता कळेपर्यंत थांबतात आणि एका यादीत क्लायंट, हेलो, प्रेषक सगळ्यांचे नियम चालतात. वरून खाली काय पडतं ते एका नजरेत दिसतं.

एसएमटीपीडी_रिसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स =
रिजेक्ट_नॉन_एफक्यूडीएन_रिसिपियंट,
परमिट_मायनेटवर्क्स,
परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड,
रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन,
रिजेक्ट_अनलिस्टेड_रिसिपियंट,
चेक_रिसिपियंट_अ‍ॅक्सेस हॅश:/इटीसी/पोस्टफिक्स/खाती_सूट,
रिजेक्ट_नॉन_एफक्यूडीएन_सेंडर,
रिजेक्ट_अननोन_सेंडर_डोमेन,
चेक_क्लायंट_अ‍ॅक्सेस सीआयडीआर:/इटीसी/पोस्टफिक्स/सर्व्हर_सूट,
रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम,
रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग

ओळीनिहाय कारणं अशी.

लॉगिन केलेल्यांना परवानगी काळ्या यादीच्या वर हवी. सुदामानगरातल्या घरून ब्रॉडबँडवर काम करणाऱ्या सचिवांचा आयपी बदलता, घरगुती असतो, आणि असे पत्ते झेनमध्ये, म्हणजे स्पॅमहाउसच्या काळ्या यादीत, मुद्दाम नोंदलेले असतात, कारण तिथून थेट मेल येणं अपेक्षितच नसतं. क्रम उलटा झाला की कार्यालयातून पत्र जातं आणि घरून जात नाही, ही नेहमीची तक्रार.

‘रिजेक्ट_अनलिस्टेड_रिसिपियंट’ ही तपासणी पोस्टफिक्स एरवी शेवटी आपोआप करतोच. ती वर ओढली आहे कारण ती आपल्याच सर्व्हरवरच्या तक्त्यात बघते, तर काळी यादी डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या नोंदवहीला, विचारते. नसलेल्या खात्यासाठी आलेल्या पत्रापायी बाहेर चौकशी कशाला? स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर, हे धोरण सगळीकडे ठेवावं.

‘खाती_सूट’मध्ये पोस्टमास्टर आणि अब्यूज या दोन पत्त्यांना ‘ओके’ द्या. ज्याला तुमच्या सर्व्हरने अडवलं त्याला तक्रार करायला हे पत्ते उघडे लागतात. ही ओळ ‘रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन’च्या खालीच राहू द्या, रिलेची वेगळी यादी असली तरी सवय चांगली.

‘सर्व्हर_सूट’ मुद्दाम खाली आहे. ‘ओके’ मिळालेल्याला खालच्या सगळ्या तपासण्या माफ होतात, त्यामुळे ज्या तपासण्या कुणालाच माफ करायच्या नाहीत त्या तिच्या वर असाव्यात. इथे फक्त उलट्या (आयपीवरून नाव सांगणाऱ्या) डीएनएस नोंदीची आणि काळ्या यादीची माफी मिळते. प्रेषकाच्या पत्त्यावरून सूट देणं टाळा. पाकिटावरचा प्रेषक कुणीही काहीही लिहू शकतो. सूट आयपीला द्या.

‘रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम’ आणि ‘रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम’ यांत एका शब्दाचाच फरक दिसतो, पण दुसरा फार कडक आहे. उलटी नोंद आणि सरळ नोंद जुळलीच पाहिजे असा त्याचा आग्रह असतो. छोट्या संस्था, शाळा, पतपेढ्या यांच्या सर्व्हरांवर हे जुळतंच असं नाही. पहिल्यावर भागवा.

स्पॅमहाउसबद्दल एक गोष्ट. सर्व्हर जर गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसवरून चौकशी करत असेल तर खरं उत्तर मिळत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा खुणेचा पत्ता परत येतो. नियमाला तो पत्ता म्हणजे ‘यादीत सापडला’ असं वाटलं तर येणारं प्रत्येक पत्र नाकारलं जातं. सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःचा डीएनएस शोधक) बसवा आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ द्या.

नवा नियम घालताना त्याच्या आधी ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ हा शब्द लावा. नियम चालतो, लॉगमध्ये ‘रिजेक्ट_वॉर्निंग’ अशी नोंद होते, पत्र मात्र पुढे जातं. आठवडाभर लॉग बघून मग शब्द काढा. महिनाअखेरीस बिलं, पावत्या, बँकेची पत्रकं येतात, तेव्हा तो काळ त्या आठवड्यात आला तर उत्तम.

तक्त्यांबद्दल थोडं. ‘हॅश’ प्रकारची फाइल बदलली की ‘पोस्टमॅप’ चालवावं लागतं. ‘सीआयडीआर’ (आयपी नेटवर्कांच्या) आणि ‘पीसीआरई’ (मजकुराच्या नमुन्यांच्या) प्रकाराला पोस्टमॅप नको, पण ‘पोस्टफिक्स रीलोड’ हवा. या दोन प्रकारांत फाइलीतली पहिली जुळणारी ओळ जिंकते, म्हणजे फाइलीच्या आतही क्रम आहे: एका आयपीचा अपवाद आधी, त्याला सामावणारं मोठं नेटवर्क नंतर. ‘हॅश’मध्ये फाइलीतल्या क्रमाला अर्थ नाही, तिथे पूर्ण पत्ता आधी शोधला जातो, मग डोमेन.

पायरी ३: मिल्टर आणि हेडर चेक्स

‘एसएमटीपीडी_मिल्टर्स’मध्ये एकाहून जास्त नावं असली तर ती लिहिलेल्या क्रमाने चालतात, आणि पहिल्याने हेडरात केलेला बदल दुसऱ्याला दिसतो. येणाऱ्या पत्रासाठी डीकेआयएम सही (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) तपासणारा आधी हवा. त्याच्या आधी कुणी मजकुराला तळटीप जोडली तर खरी सहीही खोटी ठरते. जाणाऱ्या पत्रासाठी उलट: तळटीप वगैरे आधी, सही सगळ्यांत शेवटी. आरस्पॅमडी दोन्ही कामं स्वतः करतो. त्याच्या जोडीला जुना ओपनडीकेआयएम चालू असेल तर तो काढा, नाहीतर पत्रावर दोन सह्या पडतात. तसंच ग्रेलिस्टिंगचं, म्हणजे संशयित पत्र आधी तात्पुरतं परतवून ते पुन्हा येण्याची वाट बघण्याचं. पोस्टग्रे आणि आरस्पॅमडी दोघेही आपापली पाच-पाच मिनिटं घेतात, एकच ठेवा.

आरस्पॅमडी प्रत्येक पत्राला स्पॅमचे गुण देतो. त्याचे मूळ उंबरठे ४ गुणांना ग्रेलिस्ट, ६ ला हेडर जोडणं, १५ ला नकार असे आहेत. सुरुवातीला ते बदलू नका. ६ ते १५ मधल्या पत्राला ‘एक्स-स्पॅम: येस’ हे हेडर लागतं आणि पुढचं काम सीव्हचं.

‘मिल्टर_डिफॉल्ट_अ‍ॅक्शन’ तपासून ठेवा. ‘टेम्पफेल’ असेल तर आरस्पॅमडी बंद पडताच येणारी सगळी पत्रं बाहेर थांबतात. ‘अ‍ॅक्सेप्ट’ असेल तर सगळी आत येतात, स्पॅमसकट. लहान कार्यालयात ‘टेम्पफेल’ बरं, पण मग आरस्पॅमडीवर पाळत हवी.

आता लिपीचा प्रश्न. पोस्टफिक्सचे हेडर चेक्स हेडर जसं आलं तसं, कच्च्या रूपात वाचतात. देवनागरी विषय मात्र तारेवरून देवनागरीत येत नाही. तो बहुधा बेस६४ मध्ये सांकेतिक होऊन येतो. अशा एका तुकड्याची मर्यादा ७५ अक्षरं. त्यातून खुणेची १२ अक्षरं गेली की बेस६४ साठी ६० उरतात, म्हणजे ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. ‘सभागृहाच्या आरक्षणाबाबत’ एवढा विषयही दोन तुकड्यांत जातो. हेडर चेक्समध्ये ‘सभागृह’ लिहून हे पत्र कधीही पकडता येणार नाही. मराठी किंवा हिंदी शब्दांवरचे सगळे नियम सीव्हमध्येच लिहा. सीव्ह जुळणी करण्याआधी विषय उलगडून घेतो.

मिल्टरने जोडलेलं हेडर साध्या हेडर चेक्सना दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. ‘एक्स-स्पॅम’वर हेडर चेक्समध्ये नियम लिहून तो का चालत नाही याचा शोध घेण्यात वेळ जातो. त्यासाठी २.७ पासून ‘मिल्टर_हेडर_चेक्स’ वेगळं आहे.

पायरी ४: सीव्ह

इथे तीन थर असतात. ‘सीव्ह_बिफोर’मधले संस्थेचे नियम, मग खातेदाराचा स्वतःचा स्क्रिप्ट, मग ‘सीव्ह_आफ्टर’. डव्हकॉट २.४ मध्ये हेच ‘सीव्ह_स्क्रिप्ट’ या नावाच्या गटात ‘टाइप = बिफोर’ असं लिहावं लागतं; २.३ ची जुनी ओळ तिथे चालत नाही. फाइलऐवजी फोल्डर दिला तर त्यातल्या फाइली नावाच्या अक्षरक्रमाने चालतात. म्हणून नावांना १०, २०, ३० असे आकडे लावा. १०० लावू नका, अक्षरक्रमात ते २० च्या आधी येतं.

पुढचा थर केव्हा चालतो? आधीच्या थराच्या शेवटी ‘कीप’ शाबूत असेल तरच. सीव्हमध्ये काहीच सांगितलं नाही तर पत्र इनबॉक्समध्ये राहतं, हा अध्याहृत ‘कीप’. ‘फाइलइन्टू’, ‘रीडायरेक्ट’ आणि ‘डिस्कार्ड’ तो रद्द करतात. ‘व्हेकेशन’ करत नाही. ‘स्टॉप’ मात्र फक्त चालू स्क्रिप्ट थांबवतो. बिफोरमध्ये नुसता ‘स्टॉप’ लिहिला तर कीप शाबूत असल्यामुळे खातेदाराचा स्क्रिप्ट चालतोच. आणि खातेदाराने पत्र फोल्डरात टाकलं की आफ्टरमधलं काही चालत नाही. तेव्हा जे काम झालंच पाहिजे, उदाहरणार्थ लेखापरीक्षणासाठी प्रत ठेवणं, ते आफ्टरमध्ये ठेवून उपयोग नाही.

बिफोरमधली पहिली फाइल, १०-स्पॅम.सीव्ह:

रिक्वायर ["फाइलइन्टू", "मेलबॉक्स"];
इफ हेडर :इज "एक्स-स्पॅम" "येस" {
 फाइलइन्टू :क्रिएट "जंक";
 स्टॉप;
}

स्पॅम सगळ्यांत आधी, यामागे नीटनेटकेपणापेक्षा मोठं कारण आहे. खजिनदारांनी आपल्या स्क्रिप्टमध्ये सगळी पत्रं खासगी जीमेलवर वळवलेली असतात. स्पॅमचा नियम त्याच्या नंतर आला तर संस्थेचा सर्व्हर रोज स्पॅम जीमेलकडे धाडतो, आणि थोड्याच दिवसांत संस्थेची खरी पत्रंही तिथे जंकमध्ये पडू लागतात. रजेच्या आपोआप उत्तरांचंही तेच. किंमत एवढीच की खातेदाराला आपल्या स्क्रिप्टमध्ये ‘हा माझा माणूस, याला जंकमध्ये टाकू नका’ असं म्हणता येत नाही. ती सूट आरस्पॅमडीच्या व्हाइटलिस्ट मॉड्यूलमध्ये द्या, तीही एसपीएफ (डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरवरून यावीत याची नोंद) किंवा डीकेआयएम खरं असेल तरच. ‘एक्स-स्पॅम: नो’ दिसलं म्हणून आत घेणारा नियम कधी लिहू नका; असं हेडर पाठवणाराही घालू शकतो.

दुसरी फाइल २०-प्रत.सीव्ह. देणगीच्या पत्राची प्रत लेखा खात्यात. इथे ‘रीडायरेक्ट :कॉपी’ लागतो. ‘:कॉपी’ राहून गेला तर मूळ पत्र खातेदाराच्या इनबॉक्समधून गायब होतं आणि खालचे थरही थांबतात. पण आठवण ठेवा, एलियस तिघांना जात असेल तर हा नियम तीनदा चालणार आणि प्रती तीन होणार. तेव्हा सरळ एलियसमध्येच लेखा खातं चौथं म्हणून जोडणं जास्त चांगलं. ‘रीडायरेक्ट’ बाहेरच्या पत्त्यावर करायचाच असेल तर ‘सीव्ह_रीडायरेक्ट_एन्व्हलप_फ्रॉम’ ही किंमत ‘रिसिपियंट’ करा, नाहीतर मूळ प्रेषकाचं एसपीएफ तुमच्या सर्व्हरवरून जुळत नाही. एका पत्रामागे जास्तीत जास्त ४ रीडायरेक्ट, अशी मूळ मर्यादा आहे.

/इटीसीखालचे स्क्रिप्ट ‘सीव्हसी’ने आधीच संकलित करून ठेवा. डव्हकॉटला तिथे लिहिण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे तो प्रत्येक पत्रागणिक नव्याने संकलन करत बसतो आणि लॉग भरत राहतो.

खातेदाराच्या स्क्रिप्टमधला क्रम

आधी यंत्राकडून आलेली पत्रं: बँकेच्या सूचना, जीएसटी, वीजबिल. पत्त्यावरून ओळखा, फोल्डरात टाका, ‘स्टॉप’. मग रजेचं उत्तर. मग माणसांच्या पत्रांची वाटणी. रजेचं उत्तर यंत्रांच्या खाली असल्यामुळे बँकेच्या ‘नो-रिप्लाय’ पत्त्याला उत्तर जात नाही, आणि वाटणीच्या वर असल्यामुळे माणसांना ते नक्की जातं.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) असते, कार्यालय बंद. तेव्हाचं उत्तर ‘करंटडेट’च्या अटीत, ‘:व्हॅल्यू’ला ‘जीई’ आणि ‘एलई’ लावून दोन तारखांच्या मध्ये ठेवा, म्हणजे परत आल्यावर बंद करायला विसरलं तरी चालतं. ‘:डेज १’ लिहा. मूळ मुदत ७ दिवसांची आहे आणि एकाच माणसाला तेवढ्या काळात दुसरं उत्तर जात नाही. ‘:अ‍ॅड्रेसेस’मध्ये ‘देणगी’, ‘सभागृह’ असे एलियस लिहायला हवेत. प्राप्तकर्त्याच्या ओळीत खातेदाराचा स्वतःचा पत्ता नसला तर सीव्ह उत्तर देत नाही, आणि कार्यालयातली बहुतेक पत्रं एलियसवरच येतात.

विषयातल्या शब्दांवरचे नियम शेवटी. सगळ्यांत कच्ची अट ती. मराठीत शब्द रूप बदलतो: ‘पावती’ लिहिलं तर ‘पावत्या’ सुटतं, ‘पावत’ लिहिलं तर दोन्ही सापडतात. हिंदी पत्रांसाठी ‘रसीद’ वेगळं लिहावं लागेल. आणि ‘पदाधिकाऱ्यांची बैठक’ यातला ऱ्या दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे स्वतंत्र ऱ, कुठे र ला नुक्ता, कुठे र्‍ साठी अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना सारखंच दिसतं, सीव्हला वेगळं. ‘पदाधिका’ एवढंच लिहा. हिंदीतल्या ड़ आणि ढ़ चीही हीच गत.

इफ एनीऑफ (
 हेडर :कंटेन्स "सब्जेक्ट" "पावत",
 हेडर :कंटेन्स "सब्जेक्ट" "रसीद") {
 फाइलइन्टू :क्रिएट "पावत्या";
}
एल्सिफ हेडर :कंटेन्स "सब्जेक्ट" "सभागृह" {
 फाइलइन्टू :क्रिएट "सभागृह";
}

‘एल्सिफ’च्या जागी पुन्हा ‘इफ’ लिहिलं तर ‘सभागृहाच्या भाड्याची पावती’ हे पत्र दोन्ही फोल्डरांत जाईल. त्याहून लबाड चूक म्हणजे तीन सुटे ‘इफ’ आणि शेवटी एक ‘एल्स’. तो ‘एल्स’ फक्त शेवटच्या ‘इफ’चा असतो, त्यामुळे पहिल्या नियमाने योग्य फोल्डरात टाकलेलं पत्र ‘इतर’मध्येही जातं. ‘रिक्वायर’च्या ओळी फाइलीच्या अगदी वर हव्यात, दोन स्क्रिप्ट एकाखाली एक चिकटवले की मधला ‘रिक्वायर’ संकलन अडवतो. संकलन झालं नाही तर पत्र हरवत नाही, सरळ इनबॉक्समध्ये येतं. एके दिवशी अचानक सगळंच इनबॉक्समध्ये दिसू लागलं तर कारण हेच समजा आणि स्क्रिप्टशेजारची ‘.डव्हकॉट.सीव्ह.लॉग’ ही फाइल उघडा.

राउंडक्यूब या वेबमेलमधून नियम करणाऱ्यांसाठी: नवा नियम यादीच्या तळाशी जातो. वर एखादा ‘सगळ्या पत्रांसाठी’ असा नियम थांबण्याच्या सूचनेसह असेल तर नवा कधी चालणारच नाही. ओढून वर न्या.

तपासणी

सर्व्हरवरूनच चाचणी पत्र पाठवू नका. तिथला पत्ता ‘मायनेटवर्क्स’मध्ये असतो, त्यामुळे दुसऱ्याच ओळीला परवानगी मिळते आणि खालचे सगळे नियम पास झाल्यासारखे वाटतात. घरच्या इंटरनेटवर २५ नंबरचं पोर्ट बहुधा बंद असतं. एक तर दुसऱ्या क्लाउड सर्व्हरवरून ‘स्वॅक्स’ हा चाचणी पत्रं पाठवणारा प्रोग्राम चालवा, किंवा ‘एसएमटीपीडी_ऑथराइज्ड_एक्सक्लायंट_होस्ट्स’मध्ये १२७.०.०.१ तात्पुरतं घालून स्वॅक्सला ‘--एक्सक्लायंट-अ‍ॅड्र’ने बाहेरचा आयपी सांगा.

तक्ता सुटा तपासायचा असेल तर ‘पोस्टमॅप -क्यू’ पत्ता आणि तक्त्याचं नाव. उत्तर रिकामं आलं म्हणजे जुळलं नाही. सीव्हसाठी ‘सीव्ह-टेस्ट’ला स्क्रिप्ट आणि साठवलेलं पत्र द्या; ‘-टी -’ आणि ‘-कॅपिटल टी लेव्हल=मॅचिंग’ जोडलं की प्रत्येक अट कशाशी जुळवून पाहिली तेही दिसतं. मात्र सीव्ह-टेस्ट एरवी तुम्ही दिलेला एकच स्क्रिप्ट चालवतो. थरांमधला क्रम बघायचा तर ‘-एस’ लावून पुढचे स्क्रिप्ट क्रमाने जोडा, किंवा खरं पत्र पाठवा. स्पॅमच्या नियमासाठी जीट्यूबची (स्पॅम गाळण्याच्या चाचणीसाठीची) ठरलेली ओळ मजकुरात घालता येते, पण आरस्पॅमडी त्या पत्राला सरळ नकार देतो, त्यामुळे जंक फोल्डरचा नियम त्याने तपासला जात नाही. त्यासाठी साठवलेल्या पत्रात ‘एक्स-स्पॅम: येस’ हाताने लिहून ते सीव्ह-टेस्टला द्या.

निदान सहा पत्रं जपून ठेवा: देणगीचं मराठी, नगर निगमचं हिंदी, बँकेचं इंग्रजी, एलियसवर आलेलं, ‘बीसीसी’ने आलेलं आणि दोन नियमांत एकदम बसणारं. नियम हलवला की सहाही पुन्हा चालवा. ‘बीसीसी’चं हमखास फसतं, कारण प्राप्तकर्त्याच्या ओळीत तुमचा पत्ताच नसतो, ‘टू’ या हेडरवर लिहिलेला नियम त्याला सोडून देतो आणि ते इनबॉक्समध्ये राहतं. त्याला तसंच राहू द्यावं.

लॉगमध्ये नकाराची ओळ ‘नोक्यू: रिजेक्ट’ने सुरू होते, आणि कुठल्या नियमाने अडवलं ते तिच्यातल्या मजकुरावरून कळतं. रांग क्रमांक दिसत असेल तर पत्र पहिल्या टप्प्यातून सुटलेलं आहे. त्याच क्रमांकाने शोधत खाली या, आणि ‘एलएमटीपी’च्या ओळीत ‘सेंट’ दिसलं की पोस्टफिक्सची फाइल मिटून डव्हकॉटचा लॉग उघडा.